पणजी : कलास्थळे व सांस्कृतिक जीवन

गोव्याची राजधानी. मांडवीच्या डाव्या तीरावरचे हे शहर १८४३ मध्ये पोर्तुगीज भारताची अधिकृत राजधानी झाले. ज्या कलांसाठी गोवा ओळखला जातो, त्या मात्र पणजीत वाढलेल्या नाहीत. नाटक, भजन आणि दशावतारी काला फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतल्या देवळांच्या उत्सवांत रुजले. मांडो हा गीतप्रकार सासष्टीच्या घरांत फुलला. खेडोपाडीच्या या कलांना एका व्यासपीठावर आणणे हे पणजीचे खरे सांस्कृतिक कार्य आहे.

पोर्तुगीज काळातल्या संस्थांपैकी १८७१ मध्ये वास्को द गामाच्या नावाने स्थापन झालेली संस्था महत्त्वाची. गोवामुक्तीनंतर तिला पत्रकार व विचारवंत लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव दिले गेले. गोमंतकीयांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, असा ठराव १९३० मध्ये पोर्तुगीज राजवटीच्याच विधिमंडळात मांडणारे हे गृहस्थ. संस्थेच्या प्रवेशदालनातील भिंतींवर जॉर्ज कोलासो यांनी रंगवलेल्या निळ्या ‘आझुलेजु’ फरशा आहेत. पोर्तुगीज महाकवी कामोइंश यांच्या महाकाव्यातील प्रसंग त्यांवर चितारलेले आहेत. नाव बदलले, फरशा राहिल्या. दोन्ही निर्णय योग्यच होते.

कला अकादमी १९७० मध्ये स्थापन झाली. कांपाल येथील तिची वास्तू चार्ल्स कुरैया यांनी रचली. ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. इमारत बसकी व मोकळी आहे. रस्त्यावरून आत शिरलेला माणूस सावलीतून चालत थेट मांडवीकाठी पोचतो. वाटेत तालीम कानावर पडते, एखादे प्रदर्शन दिसते. तिकीट न काढलेल्यालाही कलेच्या जवळ वावरू देणारी ही रचना भारतातल्या सार्वजनिक वास्तूंमध्ये फार थोड्या ठिकाणी साधली आहे. आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर हे मुख्य नाट्यगृह, एक खुले नाट्यगृह, प्रायोगिक नाटकांसाठी छोटा रंगमंच आणि संगीत-नाट्यशिक्षणाचे वर्ग आहेत. मुख्य नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी सज्जांत बसलेले गोमंतकीय प्रेक्षक रंगवले आहेत.

गायक-नट दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, गायिका केसरबाई केरकर केरीच्या, गायिका मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. या तिघांनाही कीर्ती मिळाली ती गोव्याबाहेर. त्यांच्या उमेदीच्या काळात पणजीत असे सभागृह नव्हते. म्हणूनच नाट्यगृहाला दीनानाथांचे नाव असणे आणि अकादमीने केसरबाईंच्या स्मरणार्थ संगीत समारोह भरवणे याला मोठा अर्थ आहे.

अकादमीच्या स्पर्धा हा गोव्याच्या सांस्कृतिक वर्षाचा कणा होय. मराठी आणि कोकणी नाट्यस्पर्धा, तियात्र स्पर्धा, भजन स्पर्धा यांच्या निमित्ताने गावोगावची मंडळे महिनोन्‌महिने तालमी करतात. देवळाच्या उत्सवात दरवर्षी हौसेने नाटक करणारा नट इथे परीक्षकांसमोर उभा राहतो, आणि गोव्यातील मराठी रंगभूमी टिकून राहण्यामागे या नटाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

तियात्र हा कोकणी नाट्यप्रकार मुख्यतः ख्रिस्ती समाजात वाढला, पण त्याचा पहिला प्रयोग झाला मुंबईत, १८९२ मध्ये, पोटापाण्यासाठी तिथे गेलेल्या गोमंतकीयांच्या हातून. प्रवेशांच्या मधोमध येणारी ‘कांतारां’ ही गीते कथानकाशी बांधलेली नसतात. राजकारणावर, समाजावर थेट टीका त्यांतूनच होते. कला अकादमीत संगीत नाटक आणि तियात्र एकाच रंगमंचावर होतात. देऊळ आणि चर्च यांच्याभोवती वेगवेगळ्या वाढलेल्या दोन परंपरांना इतक्या जवळ आणणारे दुसरे स्थळ गोव्यात क्वचितच सापडेल.

या वास्तूची हेळसांड म्हणूनच बोचते. २०१९ मध्ये खुले नाट्यगृह पाडण्याची भाषा झाली आणि विरोध उसळला. पुढे नूतनीकरणासाठी अकादमी बंद राहिली. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या नाट्यगृहावरील छताचा भाग कोसळला. त्याच वर्षी वास्तू पुन्हा उघडली, पण ध्वनी व प्रकाशयोजनेबद्दल रंगकर्मींच्या तक्रारी थांबल्या नाहीत. ज्यांच्यासाठी नाट्यगृह बांधले, त्यांचे म्हणणे दुरुस्तीआधी ऐकायला हवे होते.

भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो. त्यासाठी जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर व माकिनेझ पॅलेस यांचे रूप पालटले. २०१६ पासून डिसेंबरात होणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने जुन्या सरकारी इमारती प्रदर्शनांसाठी खुल्या केल्या. फोंतेन्हास या जुन्या वस्तीत फुंदासांव ओरिएंत संस्थेकडे आंतोनियु शाव्हिएर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या या गोमंतकीय चित्रकाराची व्यक्तिचित्रे मराठी वाचकाने मुद्दाम जाऊन पाहावीत अशी आहेत. पाटो भागातील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. जुनी पोर्तुगीज, मराठी व कोकणी नियतकालिके पाहण्यासाठी अभ्यासक आजही तिथेच येतात.