औषध होतं, पण मिळत नव्हतं

प्रसूतीकळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला एक डोस. एवढ्यानेच बाळाला होणारी एचआयव्हीची लागण जवळपास निम्म्याने घटते, हे १९९९ मध्ये युगांडातल्या अभ्यासाने दाखवलं. कंपनी औषध फुकट द्यायला तयार होती. तरी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोनच सरकारी ठिकाणी ठेवलं.

तेव्हा 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' ही चळवळ कोर्टात गेली. तिचे नेते झॅकी अख्मत स्वतः एचआयव्हीबाधित. सर्वांना उपचार मिळेपर्यंत आपणही घ्यायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं. जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सरकारला ही बंधनं हटवायला लावली.

आज आईने नियमित एआरटी घेतल्यास हा धोका फारच कमी होतो. आपल्याकडे सरकारी केंद्रांत ती मोफत मिळते. म्हणून गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी टाळू नका.