शिमल्यातून चालणारं ब्रह्मदेशाचं सरकार

शिमल्याच्या पोस्टिंगमध्ये कळलं, की युद्धकाळात ब्रह्मदेशाचं सरकार याच डोंगरावर होतं. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं. गव्हर्नर डॉर्मन-स्मिथ अधिकाऱ्यांसह इथे आले आणि परतल्यावर राज्य कसं चालवायचं याच्या योजना आखू लागले. फौजेपाठोपाठ मुलकी कारभार बसवायला 'सिव्हिल अफेअर्स सर्व्हिस (बर्मा)' उभी राहिली. अधिकारी लष्करी गणवेशात, काम मात्र तांदूळ, पोलीस आणि कचेऱ्यांचं.

मे १९४५ मध्ये रंगून परत मिळालं. जपानी नोटा रद्द झाल्या आणि लोकांच्या गाठीची बचत एका हुकमाने कागद ठरली. ऑक्टोबरात कारभार गव्हर्नरांकडे आला. लंडनच्या श्वेतपत्रिकेप्रमाणे त्यांची थेट सत्ता डिसेंबर १९४८ पर्यंत चालू शकणार होती. पण आंग सान यांच्या मागे उभा राहिलेला देश आता थांबायला तयार नव्हता. ४ जानेवारी १९४८ ला तो स्वतंत्रही झाला.

आपण फौजी मुलूख जिंकायचा नकाशा नीट काढतो. तिथल्या माणसांना मधल्या काळात काय हवंसं झालं, हे मात्र त्यांनाच विचारावं लागतं. शिमल्यात ते राहून गेलं, असं मला वाटतं.