कासवाची गादी आणि तिच्यातली चिलटे

ब्रिटनमध्ये जमिनीवरची कासवे पाळण्याचा प्रघात सतराव्या शतकापासून आढळतो. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम लॉड यांचे कासव लॅम्बेथ राजवाड्याच्या बागेत राहत असे. त्या काळी कासवाच्या पायाखाली काय अंथरावे, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. बागेची मातीच त्याची गादी होती.

त्या मातीचे उत्तम वर्णन सेलबोर्न गावचे निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी करून ठेवले आहे. ससेक्समधल्या रिंगमरला राहणाऱ्या त्यांच्या आत्याकडे टिमथी नावाचे कासव होते. आत्या वारल्यावर मार्च 1780 मध्ये व्हाइट यांनी त्याला शीतनिद्रेतून उकरून काढले, मातीसकट पेटीत घातले आणि घोडागाडीने सुमारे ऐंशी मैलांवर आपल्या घरी नेले. वाटेतल्या हिसक्यांनी कासव जागे झाले. सेलबोर्नला मोकळे सोडल्यावर ते बागेच्या टोकापर्यंत दोनदा चालत गेले आणि संध्याकाळी थंडी पडताच भुसभुशीत मातीत शिरून दिसेनासे झाले. चांगल्या गादीची कसोटी आजही हीच आहे: कासवाला तिच्यात अंग पुरता आले पाहिजे. टिमथीला सगळे नर समजत. ती मादी होती, हे तिच्या मृत्यूनंतर कळले. तिचे कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

विसाव्या शतकात कासव स्वस्त झाले आणि त्याची परवड सुरू झाली. मोरोक्को, तुर्कस्तान, ग्रीस, युगोस्लाव्हिया इथून रानातली लाखो कासवे टोपल्यांत भरून ब्रिटनमध्ये येत आणि दुकानांतून मुलांच्या हाती पडत. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ कार्यक्रमात 1963 पासून फ्रीडा नावाचे कासव होते. हिवाळ्यात खोक्यात पेंढा भरून त्याला कसे निजवायचे, हे त्या कार्यक्रमामुळे घरोघरी पोचले. पण दूरच्या प्रवासाने खंगलेली आणि नीट न पोसलेली पुष्कळ कासवे पहिल्या हिवाळ्यातून उठलीच नाहीत. भूमध्य सागराकाठच्या कासवांचा हा व्यापार युरोपीय समुदायाच्या नियमाने 1984 मध्ये थांबला. तो खूप आधी थांबायला हवा होता. भारतातल्या चांदणी कासवाची चोरटी वाहतूक मात्र चालूच राहिली. 2019 मध्ये त्याला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात पाळणे महाराष्ट्रात आणि देशभर गुन्हा आहे.

आयात थांबली आणि ब्रिटनमधल्या पाळणाऱ्यांनी घरीच पैदास वाढवली. बोटाच्या पेराएवढी पिल्ले बागेत सोडता येईनात, म्हणून ती दिव्याखालच्या पेटीत आली. गादीचा प्रश्न खरा इथे सुरू झाला. वर्तमानपत्र, लसूणघासाच्या गोळ्या, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, कॅल्शियमयुक्त वाळू असे एकेक कोरडे पदार्थ चलनात आले. ते स्वच्छ दिसत आणि झाडून काढायला सोपे होते. पण टरफले आणि वाळू पोटात गेल्या की आतडे तुंबू शकते. लसूणघास भिजला की त्याला बुरशी येते. कागदात तर कासवाला अंग पुरताच येत नाही.

त्याच पेट्यांत पिल्लांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येऊ लागले. बरीच वर्षे दोष प्रथिनांवर गेला. व्हिएन्नाच्या वीसनर आणि इबेन यांनी 2003 मध्ये आफ्रिकी सुलकाटा कासवाच्या पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात प्रथिनांपेक्षा हवेतल्या आर्द्रतेचा परिणाम फार मोठा दिसला. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांची पाठ अधिक खडबडीत झाली. रानात पिल्लू झुडपाच्या मुळाशी, ओलसर मातीत दडलेले असते. दिव्याने तापलेल्या पेटीत ती ओल नव्हती. मग माती परत आली. बिनखताची साधी माती आणि धुतलेली वाळू यांचे मिश्रण, किंवा मातीत मिसळलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, हाताच्या चार-सहा बोटांइतक्या जाडीने घातला जाऊ लागला. श्रीलंका आणि केरळातून विटांच्या आकारात दाबून जाणारा हा भुसा कोकणातल्या माणसाला नवा नाही. नुसता भुसा मात्र वाळला की धूळ उडते आणि डोळ्यांत जाते; त्याला मातीची जोड हवीच.

ओल आली तशी चिलटेही आली. दिव्याभोवती अडखळत उडणारी ही काळी, दोन-तीन मिलिमीटरची माशी सायरिडी कुळातली आहे. ती चावत नाही आणि कासवाला रोगही देत नाही. मादी ओल्या मातीच्या वरच्या थरात शंभर-दोनशे अंडी घालते. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या बुरशी आणि कुजका पाला खातात, आणि ऊबदार पेटीत तीन-चार आठवड्यांत नवी पिढी उडू लागते. म्हणजे चिलटे दिसली की वरचा थर गरजेपेक्षा ओला आहे, किंवा उरलेले अन्न मातीत कुजते आहे. अशा ओल्या थरावर सतत बसून कासवाच्या पोटाकडचे कवच कुजू शकते. दुर्लक्ष करू नये ते या कारणासाठी.

पेटीत कीटकनाशक फवारणे चूकच, कारण कासव त्याच मातीवर चरते. उपाय शेतकऱ्याच्या वाफशासारखा आहे. मूठभर माती दाबली की तिचा लाडू व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा. पाणी वरून न शिंपडता पेटीच्या कोपऱ्यांतून तळाशी सोडावे, म्हणजे खाली ओल राहते आणि वरचा बोटभर थर कोरडा. उडती चिलटे पिवळ्या चिकट सापळ्यांनी धरता येतात, पण सापळा कासवाच्या आवाक्याबाहेर, जाळीआड टांगावा. अळ्यांसाठी इस्राएलच्या नेगेव वाळवंटात 1976 मध्ये सापडलेला बीटीआय हा जिवाणू पाण्यातून देतात. त्याचे विष अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून काम करते. कासवाला त्याची बाधा होत नाही. काही जण स्टाइनरनिमा फेल्टिए ही सूत्रकृमी सोडतात. स्प्रिंगटेल आणि वुडलाउस हे जीव कुजका पाला व बुरशी फस्त करून अळ्यांचे खाद्यच कमी करतात. यातला कोणताही उपाय आठ दिवसांत सोडू नये. मातीतली अंडी आणि कोष संपेपर्यंत, म्हणजे किमान सहा आठवडे, तो चालू ठेवावा लागतो.