वस्ताद, मिस्टर, प्रशिक्षक

फुटबॉलचा संघ घडवणाऱ्या माणसासाठी मराठीत धड शब्द नाही. इंग्रजीतला मॅनेजर आमच्या यवतमाळात आला तो जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात आणि बँकेत. मैदानापर्यंत तो पोहोचला नाही. 'व्यवस्थापक' म्हटले की प्रवासाची तिकिटे काढणारा आणि भत्त्यांचा हिशेब ठेवणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. 'प्रशिक्षक' हा शब्द रूढ आहे, पण त्याला शासकीय परिपत्रकाचा वास आहे. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार अशा तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले. तेथला 'वस्ताद' हा शब्द या कामाच्या सर्वांत जवळ जातो, पण तो लाल मातीतून बाहेर यायला तयार नाही. इटलीत, स्पेनमध्ये आणि पोर्तुगालमध्ये प्रशिक्षकाला आजही 'मिस्टर' म्हणतात. १९१२ साली जेनोआच्या क्लबात विल्यम गार्बट हा इंग्रज आला, त्याला खेळाडू 'मिस्टर' म्हणू लागले आणि तेच नाव पुढे चालले, असे सांगतात. परक्या भाषेतले साधे संबोधन एखाद्या व्यवसायाचे नाव होऊन बसावे, हा प्रकार भाषेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

शब्द नसला की इतिहासही नसतो, असा सरसकट सिद्धान्त आम्ही मांडणार नाही. पण मराठीतले क्रीडालेखन चाळून पाहिले तर खेळाडूंची चरित्रे आणि सामन्यांची वर्णने मिळतात. प्रशिक्षक मिळतो तो प्रस्तावनेत किंवा ऋणनिर्देशात. विदर्भापुरते बोलायचे तर नागपूरच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला, हे नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ साली येईपर्यंत आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? आणि तेथेही लोकांच्या लक्षात राहिला तो अमिताभ बच्चन.

युरोपात नेमके उलट आहे. तेथे प्रशिक्षक हाच कथेचा नायक असतो. १९५५-५६ साली युरोपियन कप सुरू झाला. पहिले पाच चषक एकट्या रेआल माद्रिदने जिंकले, तरी इतिहासकार त्यांची वाटणी विलालोंगा, कार्निग्लिया आणि मुन्योस या तीन प्रशिक्षकांत करतात. पुढे १९६७ साली लिस्बनमध्ये सेल्टिकला विजयी करणारा जॉक स्टीन येतो, तीनदा चषक नेणारा लिव्हरपूलचा बॉब पेझली येतो आणि पाच चषकांचा धनी कार्लो अँचेलॉटी येतो. ही यादी म्हणजे तेथल्या क्रीडासाहित्याचे जणू वंशवृक्षच. प्रत्येक नावाभोवती चरित्रे आहेत, दंतकथा आहेत, शापसुद्धा आहेत.

शापाची गोष्ट बेला गुटमनची, आणि ती आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. गुटमन हा हंगेरीतला ज्यू. १९४४ साली तो वेठबिगारीच्या छावणीतून निसटला. त्यानंतरचे आयुष्य त्याने गावोगावी संघ घडवण्यात आणि वर्षा-दोन वर्षांत ते सोडून जाण्यात घालवले. त्याच्या मार्गदर्शनाखाली लिस्बनच्या बेनफिकाने ३१ मे १९६१ रोजी बर्न येथे बार्सिलोनाला ३-२ असे हरवून पहिला चषक मिळवला आणि २ मे १९६२ रोजी ॲमस्टरडॅमला रेआल माद्रिदला ५-३ असे नमवून दुसरा. या दोन तारखांच्या मधोमध १९ डिसेंबर १९६१ ही तारीख येते. पहिला चषक लिस्बनला गेला तेव्हा गोवा पोर्तुगीज राजवटीत होता. दुसरा गेला तेव्हा तो भारतात होता.

बेनफिका तेव्हा फक्त पोर्तुगीज नागरिकांना खेळवत असे. त्या नागरिकत्वात आफ्रिकेतल्या वसाहती येत होत्या: मोझांबिकचे कोलुना आणि युझेबियो, अंगोलात जन्मलेला कर्णधार आग्वास. कागदोपत्री गोमंतकीयही त्यात बसत होता. साम्राज्य मोडकळीला आलेले असताना त्याच साम्राज्याच्या कोनाकोपऱ्यांतून आणलेल्या माणसांनी राजधानीला युरोपचे अधिपत्य मिळवून दिले आणि त्यांना एकत्र बांधणारा माणूस स्वतः कोणत्याच देशाचा उरला नव्हता. वसाहतोत्तर साहित्य शिकवणाऱ्या आमच्या मित्रांनी या संघाकडे अवश्य पाहावे. पुढे गुटमनला पगारवाढ नाकारली गेली, तो निघून गेला आणि शंभर वर्षे बेनफिका युरोप जिंकणार नाही असे म्हणाला, अशी दंतकथा आहे. त्यानंतर बेनफिकाने युरोपीय स्पर्धांचे आठ अंतिम सामने गमावले, ही मात्र दंतकथा नाही.

गोव्यात फुटबॉल पोर्तुगीजांनी आणला असे अनेकांना वाटते. रूढ इतिहास सांगतो की १८८३ साली शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूने तो सुरू केला. पाद्री आणि गावची फेस्ते यांच्या आधाराने तो वाढला आणि मुक्तीनंतर खाणमालकांच्या पैशाने पोसला गेला. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही नावे क्लबांची आहेत तशीच घराण्यांचीही. पणजीचे 'नवप्रभा' हे मराठी दैनिक ज्या धेंपो घराण्याचे, त्याच घराण्याचा हा क्लब. मराठी वृत्तपत्राचा आणि फुटबॉलच्या संघाचा आश्रयदाता एकच असावा, ही गोष्ट आमच्याकडच्या वाङ्मयेतिहासात कोठे नोंदलेली आम्हांस आढळली नाही.

याच धेंपो क्लबाची सूत्रे या शतकाच्या आरंभी आर्मांद कुलासो यांच्याकडे आली. त्यांच्या हाताखाली धेंपो पाच वेळा देशाचा विजेता झाला: राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये २००४-०५ आणि २००६-०७ साली, आणि स्पर्धेचे नाव आय-लीग झाल्यावर २००७-०८, २००९-१० व २०११-१२ साली. रांती मार्टिन्स आणि बेतो हे परदेशी खेळाडू गोल करत होते हे खरे; पण संघाचा कणा समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्या मुलांचा होता, आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहिला. दर हंगामात खेळाडूंची उलथापालथ करणाऱ्या भारतीय क्लबांत हे विरळा होते.

पहिल्या विजेतेपदाची किंमत मात्र भयंकर होती. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरमध्ये फेडरेशन कपचा अंतिम सामना मोहन बागानशी होता. त्याच हंगामात ईस्ट बंगालकडून आलेल्या क्रिस्तियानो ज्युनियर या पंचवीस वर्षांच्या ब्राझिलियन खेळाडूने एक गोल केला आणि मग दुसरा. दुसरा करताना गोलरक्षक सुब्रत पालशी त्याची टक्कर झाली. तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपोने तो सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्याचेच. क्लबाने त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. त्याच हंगामात पुढे धेंपोने राष्ट्रीय लीगही जिंकली.

मृत सहकाऱ्यानेच जिंकून दिलेला चषक घेऊन परतलेल्या पंचवीस माणसांना पुन्हा सरावाला उभे करणे हे काम कोणत्या पुस्तकात शिकवतात? त्या महिन्यांत कुलासो ड्रेसिंग रूममध्ये काय बोलले हे कल्पनेने रचण्याचा मोह आम्ही टाळतो. संघ विस्कटला नाही, एवढे निकालांच्या तक्त्यावरून दिसते. प्रशिक्षकाच्या कामाचा पुरावा बहुधा याच जातीचा असतो: दुसऱ्यांच्या कृतीत उमटलेला. श्री. पु. भागवतांनी 'सत्यकथे'साठी लेखकांची हस्तलिखिते कशी वाचली आणि कोणाला काय सुचवले, याचा शोध त्या लेखकांच्या छापील कथांतच घ्यावा लागतो, तसेच हे. संपादकाची आणि प्रशिक्षकाची ही जवळीक आम्हांला वरवरची वाटत नाही. दोघेही स्वतः मैदानात उतरत नाहीत आणि दोघांचेही नाव निकालपत्रकात नसते.

आता बॉब हाउटनकडे वळू, कारण युरोपचा चषक आणि कुलासो यांना जोडणारा दुवा तोच आहे. हाउटन हा इंग्रज १९७४ साली स्वीडनच्या माल्मो क्लबात गेला तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. खेळाडू म्हणून त्याचे नाव नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या मागे माणूस लावण्याऐवजी प्रत्येकाने आपला टापू सांभाळायचा, चार जणांच्या दोन रांगांनी एकत्र पुढे-मागे सरकायचे, ही शिस्त त्याने रुजवली. त्यावरून स्वीडनमध्ये वर्षानुवर्षे वाद झडले: ही इंग्रजी आयात की आधुनिकता? आपल्याकडे नवकाव्यावर झडले, साधारण तसेच. माल्मोने तीनदा स्वीडनचे विजेतेपद मिळवले आणि ३० मे १९७९ रोजी म्युनिकमध्ये हा संघ युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात उतरला. समोर ब्रायन क्लफचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट. पूर्वार्ध संपता संपता ट्रेव्हर फ्रान्सिसने डोक्याने एक गोल केला आणि तेवढ्यावर सामना संपला. क्लफ यादीत गेला. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा चषक जिंकला. हाउटनचे नाव यादीत आले नाही. नॉर्डिक देशांतला दुसरा कोणताही क्लब त्यानंतर त्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला नाही.

हाच हाउटन २००६ साली भारताचा प्रशिक्षक झाला. २००७ आणि २००९ चा नेहरू चषक आपण जिंकला. १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीत ताजिकिस्तानला ४-१ असे हरवून एएफसी चॅलेंज कप जिंकला आणि त्यामुळे १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकाची दारे उघडली. २०११ साली दोहात मात्र ऑस्ट्रेलिया, बहारीन आणि दक्षिण कोरिया या तिघांनीही आपल्याला हरवले. तीन सामन्यांत आपल्यावर तेरा गोल झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हाउटन गेला. त्याच्या जागी तात्पुरते कोणाला बसवायचे हा प्रश्न आला, तेव्हा निवड कुलासो यांची झाली.

त्या नेमणुकीत एक गोष्ट दडलेली आहे आणि तिच्यावर कोणी कादंबरीकाराने हात ठेवला असता तर आम्ही तिला योगायोगाचा अतिरेक म्हटले असते. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जुलै २०११ मध्ये भारताची गाठ संयुक्त अरब अमिरातीशी पडली. २३ तारखेला अल ऐनमध्ये कुलासोंच्या संघाचा गोलरक्षक होता सुब्रत पाल. तोवर तो देशाचा निर्विवाद पहिला गोलरक्षक झाला होता. दोहात त्याने अडवलेल्या चेंडूंची आठवण आजही काढली जाते. बंगळूरच्या त्या संध्याकाळी दोघे समोरासमोरच्या संघांत होते. साडेसहा वर्षांनी प्रशिक्षकाने त्याच्याच हाती देशाचा गोल सोपवला. सामना वाईट गेला: पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच देबब्रत राय आणि सुब्रत पाल या दोघांना लाल कार्ड मिळाले आणि भारत ०-३ असा हरला. पाच दिवसांनी दिल्लीतला परतीचा सामना २-२ असा सुटला. विश्वचषकाचा रस्ता तेथेच संपला आणि कुलासोंची कारकीर्दही त्याच वर्षी आटोपली.

क्लबाच्या पातळीवर खंडीय चषकाच्या ते सर्वांत जवळ गेले २००८ साली. त्या वर्षी धेंपो एएफसी कपच्या उपान्त्य फेरीत पोहोचला आणि लेबनॉनच्या साफा संघाकडून हरला. त्याआधी २००३ साली सुभाष भौमिक यांच्या ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली होती. ते यश मोठे, पण ती स्पर्धा एका उपखंडाची. युरोपच्या मोजपट्टीने पाहिले तर कुलासो हे हाउटनच्याच रांगेतले: दारापर्यंत गेलेले.

जानेवारी २०२५ मध्ये २०२४ चे द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाले आणि जीवनगौरव विभागात आर्मांद कुलासो यांचे नाव आले. पुरस्काराच्या नावाविषयी आमच्या मनात जुनी अढी आहे. दलित साहित्याने एकलव्याच्या अंगठ्याचा हिशेब मागितल्यानंतरही उत्तम गुरूचा सन्मान द्रोणाच्या नावाने व्हावा, हे जरा चमत्कारिकच. तरी सन्मान योग्य माणसाला मिळाला. मात्र तो मिळेपर्यंत त्यांचे शेवटचे राष्ट्रीय विजेतेपद बारा वर्षांहून जुने झाले होते. दरम्यान २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि २०१६ साली फुटबॉल महासंघाच्या नव्या रचनेच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुबे द गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो परतला तो २०२४-२५ च्या हंगामात.

कुलासोंच्या त्या संघातले दोघे आता स्वतः प्रशिक्षक आहेत. महेश गवळी २०२२ पासून राष्ट्रीय संघाच्या साहाय्यकांत दिसू लागला. क्लिफर्ड मिरांडाकडे २०२३ साली ओडिशा एफसीची सूत्रे तात्पुरती आली. २५ एप्रिलला कोळिकोडमध्ये त्याच्या संघाने बंगळुरू एफसीला २-१ असे हरवून सुपर कप जिंकला, आणि चारच दिवसांनी गोकुळम केरळला नमवून एएफसी कपमध्ये प्रवेश मिळवला. तीच स्पर्धा, जिच्या उपान्त्य फेरीत पंधरा वर्षांपूर्वी धेंपो हरला होता.