प्लेगची वर्षे आणि देहाचे मोल : पुणे व बंगळूर

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव देशभर साजरा झाला. त्या निमित्ताने बंगळूरमध्ये म्हैसूर संस्थानच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मणी यांच्या हस्ते व्हिक्टोरिया रुग्णालयाची कोनशिला बसवण्यात आली. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आढळतो : मर्त्य देहाची काळजी कोणी आणि कोणत्या अधिकाराने वाहावी? मराठी व कन्नड या शेजारी परंपरांच्या संदर्भात तो तपासणे उद्बोधक ठरते.

देहाला नाशवंत म्हणणारी भक्तिपरंपरा देहाविषयी उदासीन असते, असा एक सार्वत्रिक समज आहे. मूळ ग्रंथांचा साक्षेपाने विचार केला असता तो टिकत नाही. ‘दासबोधा’च्या पहिल्या दशकातील दहावा समास नरदेहाचे स्तवन करतो, तर तिसऱ्या दशकात शरीराच्या व्याधींची दीर्घ गणना आणि मृत्यूचे निरूपण येते. या दोहोंत विसंगती नाही. देह टिकणारा नाही, म्हणूनच तो मोलाचा, असा या मांडणीचा आशय आहे. बाराव्या शतकात बसवण्णांनी देहालाच देवालय मानले, आणि आपल्या नाममुद्रेत विठ्ठलाला स्थान देणाऱ्या पुरंदरदासांनी मनुष्यजन्माचे मोठेपण गायिले. देह हे साधन आहे, हा विचार भीमेच्या काठाला आणि कृष्णेपलीकडे सारखाच परिचित होता.

मात्र हे साधन ज्याचे त्याने सांभाळावयाचे होते. व्यक्तीचा आजार घराने आणि वैद्याने पाहावा. साथ आली की ती गावाची बाब होई आणि तिला देवीचे रूप मिळे. महाराष्ट्रातील मरीआई आणि दक्षिणेतील मारियम्मा यांचे नाते नावापुरते नाही. रोग देणारी तीच आणि निवारणारीही तीच, ही श्रद्धा दोहींकडे आहे. बंगळूरमध्ये प्लेगच्या नावानेच मारियम्मा पुजली गेली, हे या श्रद्धेच्या चिवटपणाचे द्योतक होय.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकटला आणि पुढील फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. त्यान्वये पुण्यात गोरे शिपाई घरोघर शिरले. देवघर आणि स्वयंपाकघर यांची मर्यादा राहिली नाही. रुग्णाला आप्तांपासून तोडून नेले जाऊ लागले. त्यातून उसळलेला क्षोभ हा केवळ औषधोपचारास असलेला विरोध म्हणून दाखवणे अपुरे आहे. ‘केसरी’तून या अंमलबजावणीवर टीका करणारे टिळक स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्याच्या खटपटीत होते. आक्षेप होता तो देहावरील अधिकार परक्या हाती जाण्यास. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या. या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. परक्या सत्तेचा हात आणि सेवेचा हात यांतील अंतर त्यांच्या मृत्यूने अधोरेखित केले. ज्या देहाला स्पर्श करण्यास समाज कचरत होता, त्याला त्यांनी उचलून नेले.

बंगळूरमध्ये प्लेग १८९८ च्या ऑगस्टमध्ये हुबळीकडून रेल्वेमार्गाने आला. जुन्या पेठांतील दाट वस्तीला त्याने ग्रासले आणि आधीच आखलेल्या मल्लेश्वरम् व बसवनगुडी या रुंद, हवेशीर विस्तारांकडे लोकांचा ओघ वाढला. व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० च्या डिसेंबरात सुरू झाले. लक्षणीय बाब अशी की आरोग्यासाठी वसलेल्या या दोन्ही वस्त्यांनी नावे घेतली ती देवळांची. बसवनगुडी हे नाव नंदीच्या देवळावरून पडले. मल्लेश्वरम् हे काडु मल्लेश्वराच्या. या मल्लेश्वराला शहाजीपुत्र एकोजीने १६६९ मध्ये गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. एकोजीच्या काळी लोककल्याणाची भाषा देवदानाची होती. सव्वादोनशे वर्षांनी ती रुंद रस्ते आणि मोकळी हवा यांची झाली, परंतु देवाचे सान्निध्य तिला नकोसे झाले नाही.

यावरून बंगळूरने प्रश्न सोडवला आणि पुण्याने चिघळवला, असा निष्कर्ष काढणे उचित नव्हे. म्हैसूर संस्थानातही श्रीरंगपट्टणाजवळील गंजाम येथे प्लेगच्या उपायांविरुद्ध दंगल झाली. शिवाय नव्या विस्तारांतील वस्ती जातवार विभागलेली होती. हवा मोकळी झाली, सोवळे मात्र तसेच राहिले. सावित्रीबाईंनी ओलांडलेली सीमा नगररचनेला ओलांडता आली नाही.

या दोन नगरांना जोडणारा एक दुवा पुढे साहित्याच्या क्षेत्रात सापडतो. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये असताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यातील प्लेगच्या शिपायांवर स्त्रियांच्या विटंबनेचा आरोप केला होता. पुरावा उभा करता न आल्याने परतल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, हा त्यांचा पुढील आग्रह या अनुभवापासून वेगळा काढून वाचता येत नाही. ‘मंकुतिम्मन कग्ग’ (१९४३) या काव्यात जीवन आणि मृत्यू यांचे चिंतन करणारे कन्नड कवी डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये बंगळूरमध्ये गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक व्यवहारांची संस्था स्थापन केली. तिचे स्थान बसवनगुडी परिसरातच आहे. नरदेहाच्या स्तवनात जी जबाबदारी एकट्या साधकाची होती, ती प्लेगच्या वर्षांनंतर समाजाची ठरली. देहाच्या नश्वरतेचे भान विरक्तीकडे नेते तसेच ते शेजाऱ्याच्या दाराशीही नेते. सावित्रीबाईंनी आपल्या अखेरच्या दिवसांत हाच दुसरा मार्ग चोखाळला.