30,000 आरपीएमची मोटर किती अचूक फिरते, ते कसं मोजायचं?

लासलगावला कांदा मार्केटजवळ मामांचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या लेझर प्रिंटरवर सातबाऱ्याच्या उभ्या रेघा करवतीसारख्या यायला लागल्या. मी मोजमाप करून सांगितलं, "मामा, मोटर गेली." ते चुकीचं होतं. का, ते बघू.

मोटरचं काम

प्रिंटरमध्ये बहुबाजू आरसा फिरतो आणि लेझरचा किरण ड्रमवर एकेक ओळ ओढतो. आरसा सहा बाजूंचा आणि वेग 30,000 आरपीएम धरला, तर सेकंदाला 500 फेऱ्या, म्हणजे 3,000 ओळी. वेगात 0.01 टक्का फरक पडला तरी 210 मिमी ओळीचं टोक 0.021 मिमी सरकतं. 600 डीपीआयला हा अर्धा ठिपका झाला.

मोजायचं कसं?

मोटरला काही चिकटवायचं नाही, त्याने तोल जातो. प्रिंटरचा लेझर बंद ठेवा. तो डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करतो. बाहेरून कमी शक्तीचा लाल लेझर आरशावर सोडा आणि परावर्तित किरणाच्या वाटेत 40 अंशांच्या अंतरावर दोन फोटोडायोड लावा. किरण आरशाच्या दुप्पट कोनात वळतो, म्हणून आरसा 20 अंश फिरतो. त्याला 111 मायक्रोसेकंद लागतात. प्रत्येक ओळीची ही वेळ नोंदवायची.

माझी चूक

मी आर्डुइनो उनोचं मायक्रोज् फंक्शन वापरलं. त्याची पायरी 4 मायक्रोसेकंदांची, म्हणजे 111 मध्ये 3.6 टक्के! मला दिसली ती मोटरची चूक नव्हतीच, माझ्या घड्याळाची होती. 0.01 टक्का बघायचा तर 10 नॅनोसेकंदांची पायरी हवी.

आकडे वाचायचे कसे?

मित्राच्या लॉजिक अॅनालायझरवर पुन्हा मोजलं आणि आकडे सहा-सहाच्या गटात मांडले. चूक कुठल्याही बाजूला, कशीही येत असेल तर संशय बेअरिंगवर किंवा वेगाच्या नियंत्रणावर. सहाही बाजूंवर लाटेसारखी चढउतार करत असेल तर तोल बघा. प्रत्येक फेरीत एकाच बाजूला येत असेल, तर दोष आरशाच्या त्या बाजूचा.

आमचा तिसरा प्रकार निघाला. एका बाजूच्या कडेला धूळ बसली होती. तिथे किरण मंद होऊन सेन्सर उशिरा जागा व्हायचा. लेन्स पुसायच्या कागदाने ती बाजू हलकेच पुसली आणि रेघा सरळ झाल्या. नवी मोटर मात्र मामांनी तोवर मागवली होती. पैसे मी दिले.