खोती आणि वरकस शेती

खोती : रत्नागिरी व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांत गावाचा सारा वसूल करण्याचे वंशपरंपरागत वतन. खोत बहुधा ब्राह्मण, मराठा वा मुसलमान. कसणारे मुख्यतः कुणबी आणि महार. भाताच्या पिकाचा अर्धा वाटा (अर्धेल) आणि वरकसाचा तिसरा (तिर्धेल) खोताला जाई. वर वेठ वेगळीच. शेतीतला अन्याय इथे जातीच्या उतरंडीतून आला, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

डोंगरउताराची वरकस जमीन मात्र या कुळांच्या ज्ञानावर पिकत असे. कवळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या), पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, त्या जागी रोप करायचे. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, पुढे हरीक, आणि नंतर काही वर्षे जमीन पडीक ठेवायची. ही विश्रांती म्हणजेच जमिनीचे खत. भात खोताच्या कोठारात, नाचणी कसणाऱ्याच्या ताटात, अशी धान्याचीही प्रतवारी झाली. आज नाचणी पौष्टिक म्हणून शहरांत महाग विकली जाते, पण तिला जपणाऱ्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

खोतीच्या या अन्यायाविरुद्ध चरी (ता. अलिबाग) येथील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सुमारे सहा वर्षे शेती कसण्यास नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. याच मागणीसाठी 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत निघाला. खोती कायद्याने रद्द झाली ती 1949 च्या अधिनियमाने.